‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’

पुस्तकाच्या शेवटी जी सूची असते ती कोणी वाचत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो खरा आहे. सूची वाचण्यासाठी नसतेच. ती चाळण्यासाठी असते, आणि तीही बहुधा घाईत. पण ज्या पुस्तकाचा विषय माणसाचे शरीर आणि त्याचे रोग हा असतो, त्याच्या सूचीकडे येणारा वाचक नुसता घाईतच नसतो, तर घाबरलेलाही असतो. घरात कोणाला तरी ताप भरलेला असतो, मुलाच्या अंगावर काहीतरी उठलेले असते, नाहीतर डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेला शब्द घरी कोणाला लागत नसतो. अशा वेळी तो ज्या शब्दापाशी बोट ठेवील, त्या शब्दापाशी त्याला काहीतरी सापडायला हवे. ते सापडेल अशी व्यवस्था करणे, हे गेली तीन वर्षे माझे सुटीतले काम झाले आहे.

झाले असे की, माझ्या परिचयाचे दोन डॉक्टर आणि प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक असे तिघे मिळून मराठीत एक वैद्यक-संदर्भग्रंथ सिद्ध करीत होते. घरोघरी वापरता यावा आणि परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलींनाही उपयोगी पडावा, असा त्यांचा बेत. मजकूर त्यांचा. व्याख्या मराठीत नीट बसवायला आणि सूची लावायला त्यांना एक ‘मराठीचा माणूस’ हवा होता. वर्गात ज्ञानेश्वरी आणि केशवसुत शिकवणाऱ्याला यकृत कोणीकडे आणि प्लीहा कोणीकडे हे तरी ठाऊक असणार का, अशी शंका मी प्रथमच बोलून दाखवली. त्यावर थोरले डॉक्टर म्हणाले, “तुम्हांला ठाऊक नाही म्हणूनच तुम्ही हवे. तुम्हांला कळली की व्याख्या झाली असं आम्ही समजू.” हा बहुमान की अपमान, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

व्याख्या करणे हे वरवर वाटते तितके सोपे काम नव्हे. आपल्याकडच्या नैयायिकांनी व्याख्येला ‘लक्षण’ म्हटले आणि तिचे तीन दोष सांगून ठेवले: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. उदाहरणाला त्यांनी गरीब गाय धरली. गाय म्हणजे कपिला वर्णाचा प्राणी म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी म्हटले तर म्हैसही गोठ्यात शिरते, ही अतिव्याप्ती. आणि एकच अखंड खूर असलेला प्राणी म्हटले तर एकही गाय उरत नाही, हा असंभव. पहिल्याच बैठकीत मी ही गाय सोडली. मला वाटले, डॉक्टरमंडळी हसतील. पण धाकट्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “सर, हे तर आमचं रोजचं डिफरन्शियल डायग्नोसिस. थंडी वाजून ताप आला की हिवताप म्हणायचं, तर निम्मे ताप आत येतात. ही तुमची म्हैस.” तेव्हापासून आमच्या बैठकीत एखादी व्याख्या फार सैल झाली की कोणीतरी हळूच “म्हैस आली” म्हणतो.

आता अडचण अशी, की व्याख्येच्या आधी शब्द हवा, आणि शब्दांच्या बाबतीत आपण मराठी माणसे फारशी एकमताची नाही. ‘पेशी’ हा शब्द घ्या. मराठी शाळेतले पोर सांगेल की, पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. तेच पोर हिंदी पुस्तक उघडते तेव्हा त्या घटकाला तिथे ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ म्हणजे आपण ज्याला स्नायू म्हणतो तो. मग हिंदीतला ‘स्नायु’ कुठे गेला? तो हाडांना जोडणाऱ्या बंधनांकडे गेला, कधी चेतातंतूंकडेही गेला. मज्जेची तर कथाच निराळी. आयुर्वेदातली मज्जा हाडाच्या पोकळीत असते. सात धातूंपैकी ती एक. आपण मराठीत ‘अस्थिमज्जा’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ धरतो, पण त्याच दमात ‘मज्जासंस्था’ आणि ‘मज्जारज्जू’ म्हणतो तेव्हा मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याकडे बोट दाखवतो. एका शब्दाने दोन घरे केली आहेत आणि दोन्हीकडे तो कर्ता पुरुष आहे. अशा ठिकाणी कोशकाराने फार शिस्त दाखवू नये, असे माझे मत आहे. दोन्ही घरांचे पत्ते द्यावेत आणि वाचकाला सांगावे की बाबा, तुला यांतले कोणते हवे ते बघ. शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली निघाले, त्याच्या परिभाषा कोशांनी यातले पुष्कळ गुंते सोडवले, विश्वकोशानेही सोडवले. पण लोकांच्या तोंडचा शब्द अधिकृत यादी पाहून येत नाही.

लोकांच्या तोंडचे शब्द मात्र मोठे गोड असतात. आमच्या सूचीत तीन सर्प आहेत: नागीण, विसर्प आणि घटसर्प. एक कमरेवर फुटते, एक कातडीवर पसरतो आणि एक घशात बसतो. तिन्ही रोगांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नागिणीविषयी आपल्याकडे अशी भीती की, तिची दोन टोके कमरेभोवती येऊन मिळाली की माणूस दगावतो. डॉक्टर सांगतात की, ही टोके सहसा मिळतच नाहीत, कारण तो रोग एका चेतातंतूच्या वाटेने जातो आणि ती वाट शरीराच्या एकाच बाजूची असते. आणि खरी गंमत पुढेच आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू चेतातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो. म्हणजे ‘नागीण’ या शब्दापुढे मला ‘कांजिण्या हेही पाहा’ असे लिहावे लागले. आजीची नागीण आणि नातवाच्या कांजिण्या या एकाच घराण्यातल्या, हे ती चार अक्षरे लिहिताना मला प्रथम कळले.

देवीचा रोग पृथ्वीवरून गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि जागतिक आरोग्य सभेने रोग नाहीसा झाल्याची घोषणा केली ती मे १९८० मध्ये. मग ‘देवी’ हा शब्द सूचीत ठेवायचा की नाही? प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, रोग नाही तर नोंद कशाला? मी म्हटले, दंडावर व्रण असलेली माणसे अजून आहेत, आणि त्यांची नातवंडे विचारतात हा डाग कसला म्हणून. देवी राहिल्या. क्षय कुठे लावायचा यावरून मात्र दोन रविवार गेले. ‘क्ष’ हे क आणि ष यांचे जोडाक्षर, म्हणून ते ‘क’मध्ये, हे व्याकरण, आणि शाळेतल्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर ते सगळ्यांत शेवटी, ही सवय. मी स्वतः व्याकरणाकडचा. पण रात्री अकरा वाजता क्षय शोधणारा माणूस तक्ता आठवील, व्याकरण नव्हे. आम्ही तो दोन्हीकडे घातला.

या असल्या कामाचे जगातले सर्वांत मोठे दुकान अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे आहे. तिथले राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय मुळात लष्कराच्या सर्जन जनरलचे ग्रंथालय होते. जॉन शॉ बिलिंग्ज नावाचा लष्करी डॉक्टर त्याचा प्रमुख झाला आणि १८७९ साली त्याने जगभरच्या वैद्यक नियतकालिकांतल्या लेखांची विषयवार सूची छापायला घेतली. ‘इंडेक्स मेडिकस’ हे तिचे नाव. मधे काही खंड पडले, रूपे बदलली, पण हे नाव छापील रूपात थेट २००४ पर्यंत टिकले. लेख वाढत गेले तशी एक अडचण झाली. एकच रोग एक डॉक्टर एका नावाने लिहितो, दुसरा दुसऱ्या नावाने. तेव्हा १९६० साली या ग्रंथालयाने विषयशीर्षकांची एक पक्की यादी काढली. तिला थोडक्यात ‘मेश’ म्हणतात. आरंभी तीत चार हजारांवर शीर्षके होती. आज तीस हजारांच्या पुढे आहेत.

या यादीची रीत मला फार आवडली. प्रत्येक शीर्षकाखाली एक छोटी टीप असते. हा शब्द इथे कोणत्या अर्थाने घेतला आहे आणि त्याची हद्द कुठवर, एवढेच ती सांगते. त्याखाली मग त्या अर्थाचे इतर शब्द. तुम्ही ‘कॅन्सर’ म्हणून शोधायला गेलात तर ती यादी तुम्हांला ‘तुम्ही चुकलात’ असे म्हणत नाही. निमूटपणे ‘नीओप्लाझम्स’कडे नेऊन सोडते. ‘हार्ट अ‍ॅटॅक’ म्हणाल तर त्याच्या शास्त्रीय नावाच्या दारात उभे करते. शिवाय सगळी शीर्षके झाडासारखी लावलेली आहेत, फांदीतून फांदी, आणि एकच रोग दोन फांद्यांवरही बसू शकतो: फुप्फुसाचा क्षय जंतुरोगांतही आहे आणि श्वसनाच्या रोगांतही. लेखाला शीर्षक देणाऱ्याने शक्य तितकी बारीक डहाळी निवडावी, जाड फांदीवर थांबू नये, हा तिथला दंडक. २०२२ पासून लेखांना शीर्षके लावण्याचे काम तिथे यंत्रच करते म्हणे. पण शब्दाची हद्द कोणती हे अजून माणसेच ठरवतात. माझ्यासारख्याला तेवढाच दिलासा.

आता ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ यांतला फरक सांगतो, कारण साऱ्या सूचीचा जीव त्यात आहे. ‘अमुक – तमुक पाहा’ असे लिहिले की त्याचा अर्थ होतो, हे दोन्ही एकच. तुम्ही मागच्या दाराने आलात, पुढच्या दाराने या. ‘हेही पाहा’ म्हटले की अर्थ होतो, हे दोघे शेजारी आहेत, वाटल्यास तिकडेही डोकावा. अक्षरे दोनच जास्त. पण त्या दोन अक्षरांच्या अभावी काय होऊ शकते, ते मी माझ्या आजोळी पाहिले आहे. पाहिले म्हणजे, मी जन्मलो तोवर ते होऊन गेले होते. मी त्याचे राहिलेले पाहिले.

माझ्या आईची थोरली बहीण सोळा वर्षांची असताना तिच्या ओठाच्या कडेला आणि बोटांच्या टोकांना पांढरे डाग दिसू लागले. साल १९६६. आजोबा शाळामास्तर, स्वभावाने मऊ, पण छापील अक्षरावर त्यांचा फार विश्वास. घरात एक आरोग्यविषयक जाडजूड पुस्तक होते. कोणाचे, कधी छापलेले, ते सांगण्यात आता अर्थ नाही. ते पुस्तक आज माझ्याकडे आहे. आजोबांनी शेवटची पाने उलटली. तिथे होते: ‘कोड – कुष्ठ पाहा.’ आजोबांनी कुष्ठ पाहिले. त्या पानावर रोग्याची भांडी वेगळी ठेवावीत, अंथरूण वेगळे असावे, असे सगळे व्यवस्थित लिहिलेले होते. कोडाविषयी त्या प्रकरणात शेवटी तीन ओळी आहेत आणि त्यांत हा विकार निराळा आहे असेही मोघम म्हटले आहे. पण तिथवर वाचायला धीर लागतो. त्या संध्याकाळपासून मावशीचे फुलपात्र वेगळे झाले.

पुढे दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितले की, हे कुष्ठ नव्हे, याचा संसर्ग होत नाही, आणि झालेली भीती व्यर्थ आहे. आजोबांना ते पटले. आजीला पटले नाही असे नाही. पण एकदा वेगळे ठेवलेले फुलपात्र पुन्हा फळीवर मिसळायचे कोणी, हा प्रश्न राहिला. ते मिसळले नाही. मी लहानपणी आजोळी जाई तेव्हा त्या फुलपात्रातून पाणी पिण्यासाठी हट्ट करी, कारण ते सर्वांत सुबक होते. आणि दर वेळी कोणीतरी ते माझ्या हातून काढून घेई, बहुधा मावशीच.

स्थळे पाहायला लागले तेव्हा आजोबांनी काही लपवले नाही. इंदूरच्या एका मराठी घराण्याकडे पत्र गेले, त्यात ‘मुलीला थोडे कोड आहे’ असे सरळ लिहिले होते. ते घराणे दोन पिढ्या माळव्यात राहिलेले. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे प्रत्यक्ष कुष्ठरोग. दोन्ही शब्द एकाच संस्कृत ‘कुष्ठ’पासून झिजत आलेले. पत्राला उत्तर आले नाही. त्यांनी कोणता अर्थ घेतला हे विचारायला कोणी गेले नाही, आणि मराठी अर्थ घेऊनही त्यांनी तेच केले असते, असे मावशी म्हणते. ती पुढे शिक्षिका झाली, पस्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले, लग्न केले नाही.

या जुन्या घोळाचा दोष मी आयुर्वेदावर ढकलणार नाही. तिथे ‘कुष्ठ’ हे मोठ्या फांदीचे नाव आहे. त्वचेच्या अठरा तऱ्हांच्या विकारांना मिळून ते दिलेले आहे, आणि आजचा कुष्ठरोग हा त्या पसाऱ्यातला फार तर एक भाग. पांढऱ्या डागांना किलास किंवा श्वित्र म्हणत. सुश्रुताने त्याला कुष्ठाच्या प्रकरणात घेतले खरे, पण तिथल्या तिथे भेदही सांगितला: किलास फक्त त्वचेतच राहते आणि स्रवत नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शस्त्रवैद्याने जी हद्द आखली होती ती त्या पुस्तकाच्या सूचीकाराने पुसून टाकली, आणि बहुधा जागा वाचवण्यासाठी. माझा राग त्या सूचीकारावर आहे.

नुसत्या शब्दाने काय होते, असे कोणी म्हणेल. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून लिहिलेले होते. ते काढून टाकले गेले २०१९ साली. हानसेनने नॉर्वेमध्ये कुष्ठाचा जंतू पाहिला १८७३ मध्ये, आणि अनेक औषधे एकत्र देऊन सहा महिने किंवा वर्षभरात तो रोग पूर्ण बरा करण्याची पद्धत जगभर सुरू झाली १९८१ नंतर. जंतूला मारायचे औषध निघाल्यावरही कायद्यातला शब्द मरायला पस्तीसहून अधिक वर्षे लागली.

आमच्या बैठकीत ‘महारोग’ या शब्दावर खडाजंगी झाली ती यामुळेच. धाकट्या डॉक्टरांना तो शब्द ग्रंथात कुठेच नको होता. “सर, हा शब्द म्हणजे शिवी आहे. आपण तो छापायचा नाही.” त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. पण मी हटलो नाही. व्याख्येत तो शब्द येणार नाही, मजकुरात येणार नाही, हे मला मान्य. सूचीत मात्र तो हवा. खेड्यातली म्हातारी हाच शब्द म्हणणार, आणि तिच्यासाठी पुस्तक उघडणारा नातू हाच शब्द शोधणार. त्याला तो सापडला नाही तर तो पुस्तक मिटेल आणि मांत्रिकाकडे जाईल. शिवाय वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये काढलेल्या संस्थेचे नाव आजही महारोगी सेवा समिती असे आहे. तो शब्द त्यांनी सेवेच्या बाजूला उभा केला. शेवटी थोरल्या डॉक्टरांनी माझ्या बाजूने मत दिले. ‘महारोग – कुष्ठरोग पाहा’ ही नोंद राहिली.

कोडाची व्याख्या मात्र मी स्वतः मागून घेतली. पहिल्या मसुद्यात डॉक्टरांनी ‘त्वचेवर पांढरे डाग पडणे’ एवढेच दिले होते. म्हैस आली, असे मीच म्हटले. भाजलेल्या जागीही पांढरा डाग राहतो. शिब्याचे डागही फिकट असतात. कुष्ठाचा चट्टाही फिकट असतो. मग आम्ही ती चार बैठका घासली. तिचे आजचे रूप असे: ‘त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे तिच्यावर पांढरे डाग पडण्याचा विकार. डागाच्या जागी स्पर्श व वेदना पूर्ववत कळतात. याचा संसर्ग होत नाही. कुष्ठरोगाशी याचा संबंध नाही.’ शेवटचे वाक्य व्याख्येत बसत नाही, असा आक्षेप प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी घेतला. एखादी वस्तू काय नाही हे व्याख्येत सांगत नसतात. शास्त्राप्रमाणे त्यांचे बरोबर होते. मी ते वाक्य काढू दिले नाही.

मागच्या महिन्यात मावशी आमच्याकडे आली होती. वय पंचाहत्तरीचे, पण नजर शाबूत. मी अजून सूचीची कार्डे हाताने लिहितो, संगणकावर नंतर चढवतो, त्यामुळे टेबलावर ‘क’ची चळत पडलेली होती. मी तिला काही दाखवले नव्हते. तिनेच गणिताच्या वह्या तपासाव्या तशी कार्डे एकेक करून पाहिली. कोडाच्या कार्डाशी थांबली, दोनदा वाचले, काही बोलली नाही. मग म्हणाली, “‘प’ कुठे आहे?”

मी ‘प’ची चळत दिली. तिने ती पाहिली आणि परत केली.

“अरे, पण हे कोड म्हणून कोण शोधेल? आमच्याकडे हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. ‘तिच्या अंगावर पांढरं आहे’ असं म्हणायचे, तेही हळू आवाजात. ते कुठे घातलंयस?”

ते कुठेच नव्हते. मी कोरे कार्ड घेतले आणि तिच्यासमोर लिहिले: ‘पांढरे – कोड पाहा.’ पांडुरोग आणि पाठदुखी यांच्या मधे ते तिने स्वतः घातले, चळत टेबलावर आपटून सारखी केली आणि चहाचे काय झाले म्हणून विचारले.